करवलीचं मागणं

भाच्याची बायको घरात यायची होती, पण आलमबागच्या त्या घरात सकाळपासून अशी काही धांदल उडाली होती की शेजारच्या मिश्राइनना वाटलं, या मराठी लोकांकडे आज लाटसाहेबच जेवायला येतायत. चंद्रप्रभाबाईंनी उंबरा धुतला, पुसला, त्यावर रांगोळी काढली. दूधवाल्याने ती तुडवली तेव्हा त्यांनी त्याला आधी लखनवी अदबीत आणि मग न राहवून खास वऱ्हाडी मराठीत फैलावर घेतलं. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो रांगोळीला वळसा घालून परत गेला.

"अगं, पण ती संध्याकाळी यायचीय ना?" त्यांचे यजमान हरिहरराव फाटकातून स्कूटर आत घेत म्हणाले. कानटोपीवर धुकं साचलं होतं आणि हातात मक्खन मलाईचे द्रोण होते. "नव्या सुनेसाठी आणलीय. थेट चौकातून."

"आणि तुमची मलाई संध्याकाळपर्यंत टिकणार का?"

डिसेंबरच्या दवात घुसळलेली ती मलाई ऊन चढलं की पाणी होते, हे लखनौत शेंबडं पोरही सांगेल. फौजेच्या सप्लाय खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला ते ठाऊक नसावं, हे शक्यच नव्हतं.

"मग आपणच खाऊ," हरिहरराव म्हणाले. मूळ बेत हाच असावा, असा चंद्रप्रभाबाईंना दाट संशय आला.

खरं म्हणजे भाच्याच्या, आदेशच्या, बायकोने पहिलं पाऊल टाकायचं ते वर्ध्याला, सासऱ्याच्या घरी. पण सुनेत्रावहिनी गेल्यापासून आदेशचा बाप, म्हणजे चंद्रप्रभाबाईंचा धाकटा भाऊ बाळकृष्ण, स्वतःच म्हणायचा, "ताई, माझं घर म्हणजे आता वेटिंग रूम. सून तुझ्या दारातून येऊ दे." आदेश इथेच छावणीत कॅप्टन, नवरी कानपूरची, पेशव्यांच्या मागे बिठूरला येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातली. काल कानपूरला अक्षता पडल्या. घरची मंडळी तयारीसाठी रात्रीच परतली होती, आणि आज विनया आत्यासासूच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडणार होती. तिचं दार अडवायचं होतं करवलीने, म्हणजे आदेशच्या बहिणीने, उत्कर्षाने. ती चंद्रप्रभाबाईंची भाचीही होती आणि सूनही.

हा दुहेरी सोहळा चंद्रप्रभाबाईंनीच घडवून आणला होता. बाळकृष्णाच्या लग्नात, आपल्या एक वर्षाच्या निरंजनला कडेवर घेऊन त्यांनी वर्ध्याच्या घराचं दार अडवलं होतं. बहिणीने दारात उभं राहायचं, 'तुमची लेक माझ्या लेकाला द्याल का?' असं विचारायचं, नव्या वहिनीने लाजत 'हो' म्हणायचं. रीत घरोघरची आहे. बहुतेक घरांत ते वचन हसण्यावारी जातं आणि बहीण साडीवर खूश होते. चंद्रप्रभाबाईंनी साडीही घेतली आणि यथावकाश लेकही आणली. त्यांची स्वतःची आईसुद्धा अशीच, वडिलांच्या मामाच्या घरून आलेली होती. रक्ताचं माणूस, रक्ताची माया, असं त्यांच्या माहेरी अभिमानाने म्हणत. गोऱ्यापान, जरा फिकट रंगाचाही असाच अभिमान होता.

"आणि आमची करवली आजच्या दिवशी कुठे? तर हॉस्पिटलात!"

"आई, डॉक्टर ने आज ही बुलाया था," मैत्रेयी मटारच्या शेंगा सोलत म्हणाली. वनस्पतिशास्त्रात संशोधन करणारी ही धाकटी लेक मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीतून द्यायची. "उसमें उत्कर्षा क्या करे? दादा की रिपोर्ट है."

"दादाला काय धाड भरलीय? एअरफोर्सवाल्यांनी तपासून घेतलेला माणूस तो."

बोलल्या खऱ्या, पण हात थांबला. लग्न झाल्यापासून उत्कर्षाचं हिमोग्लोबिन नऊच्या वर सरकत नव्हतं. चंद्रप्रभाबाईंनी कंबर कसली होती. बीट झालं, खजूर झाला, लोखंडी कढईतली मेथी झाली, अळीवाच्या लाडवांचे डबेच्या डबे झाले. लोहाच्या गोळ्यांनी पोरीची जीभ काळी पडली, पण रक्त जागचं हललं नाही. मग मूल हवं म्हणून ती डॉक्टरकडे गेली, तेव्हा तिथल्या बाईंनी लोह बंद केलं आणि रायबरेली रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथून शब्द आला, थॅलेसेमिया मायनर. आजार नव्हे, बापाकडून आलेली रक्ताची एक खोट. 'म्हणजे माहेरची देणगी,' असं सासूच्या थाटात म्हणायला चंद्रप्रभाबाईंनी तोंड उघडलं होतं. उघडलं आणि तसंच मिटलं. सुनेचं माहेर म्हणजे त्यांचंच माहेर की!

*

डॉक्टरबाईंच्या खोलीत हीटर चालू होता, तरी उत्कर्षाने शाल सोडली नव्हती. शेजारी निरंजन ताठ बसला होता. कमांडिंग ऑफिसरसमोर बसावं तसा.

"आप भी कॅरियर हैं," बाई सरळच म्हणाल्या.

"मॅडम, मैं एकदम फिट हूँ. साल में दो बार खून देता हूँ."

"बिलकुल फिट हैं. मैंने कब कहा बीमार हैं? इनकी तरह आपके पास भी एक जीन अच्छा है, एक खराब. अच्छेवाले से आपकी ज़िंदगी मज़े में कट जाएगी." मग बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आप दोनों रिश्तेदार हैं?"

"मामा की बेटी है," निरंजन म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

बाईंनी समजावून सांगितलं. मुलाला एक जीन आईचं मिळतं, एक बापाचं. दोघांचं चांगलं आलं तर मूल निखळ. एकाचं खराब आलं तर ते तुमच्यासारखंच, हसतंखेळतं. पण दोन्ही खराब आली तर थॅलेसेमिया मेजर, म्हणजे खरा आजार. शक्यता चारात एक.

"म्हणजे चौथं मूल?" निरंजन एकदम मराठीत बोलला आणि मग हिंदीत वळला. "हमें तो एक ही चाहिए, मॅडम. ज़्यादा से ज़्यादा दो."

"नहीं, नहीं. सब यही समझते हैं. हर बार चार में एक. पहली बार भी, दूसरी बार भी. पिछली बार का कोई हिसाब नहीं चलता."

दार अर्धवट उघडं होतं. पलीकडच्या वॉर्डात लाल स्वेटर घातलेली एक लहान मुलगी पलंगावर बसून चित्र रंगवत होती. डाव्या हाताला रक्ताची नळी होती, म्हणून कागद तिने गुडघ्याखाली दाबून धरला होता. चेहरा फिकट, पोट पुढे आलेलं. दर तीन-चार आठवड्यांनी असं रक्त चढवायचं आणि त्यातून साठणारं लोह काढायला इंजेक्शनचा पंप लावून झोपायचं, जन्मभर. बाई हे सांगत होत्या आणि निरंजन त्या मुलीकडे बघत होता.

उत्कर्षा मात्र बाईंकडे बघत होती. "पहले से पता चल सकता है?"

"चल सकता है. महीना रुकते ही मेरे पास आइए. दसवें-ग्यारहवें हफ़्ते में जाँच हो जाएगी. उसके बाद क्या करना है, वो आप दोनों तय करेंगे. न मैं, न सास." बाई हसल्या. "अभी से फॉलिक ॲसिड शुरू कर दीजिए, रोज़ एक गोली. आयरन तभी, जब जाँच में कम निकले."

"और अलीव के लड्डू?"

"लड्डू किसने मना किए? मुझे भी खिलाइए!"

उत्कर्षा खळखळून हसली. हॉस्पिटलात, असल्या बातमीनंतर, ही हसते काय! पण तिला आतून भरूनच आलं होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे, आपल्याला अन्न अंगी लागत नाही, आपण आत्याचे लाडू फुकट घालवतोय. आज तिला कळलं होतं की असं काहीही नाही. शिवाय शक्यता चारात तीन चांगल्याच्या होत्या, आणि चौथीला आधीच गाठता येत होतं. तिला स्कूटरवर मागे बसून ओरडावंसं वाटत होतं.

चारबागच्या अलीकडे निरंजनने स्कूटर एका चहाच्या टपरीशी लावली. कुल्हडातला चहा निवला तरी तो पीत नव्हता.

"नको आपल्याला मूल," तो म्हणाला.

"काय?"

"दोघंच बरे आहोत. नाहीतर दत्तक घेऊ. ती पोर बघितलीस ना? मी घरात असं... नाही बघू शकणार मी."

"दत्तक घ्यायचं तर मला आवडेल, निरंजन, पण भिऊन नको. बाई काय म्हणाल्या ते ऐकलंस? आधी कळतं."

"आणि वाईट निघालं तर?"

"तर रडू. मग ठरवू काय ते, दोघं मिळून. पण चांगलं निघालं तर? तू एकदाही म्हणाला नाहीस, चांगलं निघालं तर." तिचा आवाज चढला तसा टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. "मला हवंय. मला घाबरत घाबरत का होईना, पण हवंय."

निरंजनने कुल्हड रस्त्याकडेला फेकला. उरलेल्या वाटेत दोघंही बोलले नाहीत. तिने हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता, पण दर वेळी ठेवायची तसा नाही, फक्त तोल जाऊ नये म्हणून.

*

बाळकृष्ण सामानाच्या गाडीतून दुपारीच येऊन थडकला. बरोबर रुखवताचे डबे होते. मागच्या अंगणात ऊन पडलं होतं, तिथे खाटेवर बसून त्याने मटार सोलायला घेतले आणि बातमीही त्याला तिथेच कळली. चंद्रप्रभाबाईंना ती त्याआधी अर्धा तासच कळली होती, आणि त्यांनी तेवढ्या वेळात घरात मार्शल लॉ लावला होता.

"आज कुणी अवाक्षर काढायचं नाही. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून तिची मावशी येतेय. कानपूरला आजच बभ्रा होईल की आदेशच्या घरचं रक्त नासकं आहे."

"नासकं नाही, आत्या," उत्कर्षा म्हणाली. "आणि आदेशलाही असू शकतं ना. विनयाला कळायला नको?"

"मुझे भी हो सकता है," मैत्रेयीने भर घातली. "फ़िफ़्टी-फ़िफ़्टी. मैं तो सोमवार को टेस्ट करवा रही हूँ."

"सोमवारी काय करायचं ते करा. आज मंगल दिवस आहे. उत्कर्षा, तू दारात उभी राहणार, तुझ्या तोंडून हे निघायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ घे."

"घेतली," उत्कर्षा पडलेल्या आवाजात म्हणाली.

"करू नका भानगड," निरंजन खांबाला टेकून उभा होता, तो म्हणाला. "नाहीतरी आमचं ठरलंय. आम्हाला मूल नकोय."

"तुझं ठरलंय," उत्कर्षा म्हणाली आणि पैठणी नेसायचं निमित्त करून आत निघून गेली. मैत्रेयी तिच्यामागे गेली. हरिहरराव इतका वेळ पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. "पोरगी फळीत उभी राहिली आणि आमचा ऑफिसर माघारी फिरला," असं कुणालाच उद्देशून न बोलता ते फुलांचे हार आणायला हजरतगंजला चालते झाले.

अंगणात तिघं उरली. निरंजनला तिथून जावंसं वाटत होतं, पण मामा समोर बसलेला होता. तो मामाही होता आणि सासराही, आणि त्याच्या मुलीला आपण आत्ताच दुखावलं आहे, याची निरंजनला लाज वाटत होती.

"काय बघितलंस रे तिथे?" बाळकृष्णाने विचारलं.

निरंजनने सांगितलं. लाल स्वेटर, रक्ताची नळी, फिकट चेहरा. "आणि पोट असं फुगलेलं, मामा. प्लीहा वाढते म्हणे."

बाळकृष्णाच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई. छबी."

"काही काय बोलतोस!" चंद्रप्रभाबाई उसळल्या. "छबी माती खायची. मातीने गेली ती."

"कोण छबी?" निरंजनने विचारलं. घरातल्या मेलेल्या-जित्या सगळ्यांची नावं त्याला पाठ होती, हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"आमच्या पाठची बहीण," बाळकृष्ण म्हणाला. "दोन वर्षांची होऊन गेली. मी लहान होतो, मला नीट आठवत नाही. ताईच्या कडेवर असायची दिवसभर. पांढरीफटक. एवढंसं अंग आणि माठासारखं पोट. मला आठवतो तो ताईने खाल्लेला मार. ती गेली त्या दिवशी आईने उलथन्याने मारलं होतं हिला."

चंद्रप्रभाबाईंनी मटाराची एक शेंग उचलली आणि न सोलताच परत ठेवली. मग खालच्या आवाजात बोलायला लागल्या. त्यांचा असा आवाज निरंजनने कधी ऐकला नव्हता.

"माझंच चुकलं होतं. मी सागरगोटे खेळायची, तिला ओट्याखाली सोडून. ती भिंतीची माती उकरून खायची. मी बोट घालून काढायची तोंडातून, तरी खायची. आई म्हणाली, तू लक्ष दिलं नाहीस म्हणून पोर सुकली. आठ वर्षांची होते मी. तेव्हापासून कुणाचंही लेकरू फिकट दिसलं की मी... लाडू करते, बाबा. दुसरं काय करणार?"

निरंजन खांबापासून सुटून आईसमोर येऊन उकिडवा बसला. "आई, उलटं आहे ते. माती खाल्ली म्हणून रक्त गेलं नाही. रक्त नव्हतं म्हणून ती माती खायची. अंगात रक्त नसलं की मुलं माती खातात, पाटी-पेन्सिल खातात. आजी आणि आजोबा दोघांकडूनही आलं असणार तिला. तेही मामे-आतेभावंडंच ना? तू चोवीस तास तिच्या तोंडात बोट घालून बसली असतीस तरी ती गेलीच असती."

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही गं. तुझ्यामुळे नाही."

चंद्रप्रभाबाईंनी पदर तोंडाला लावला. बाळकृष्णाने उठून, साठीला आलेल्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या आठ वर्षांच्या पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. पलीकडून मिश्राइनने भिंतीवरून डोकावून पाहिलं. लग्नघरात बायका रडतातच, असं समजून ती परत गेली.

रडून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं, आणि पहिल्यांदा जे बोलल्या ते मुलाला उद्देशून होतं.

"आईला कुणी आधी सांगितलं असतं ना, चारात एक असं निघेल, आणि ती तुझ्यासारखी भ्यायली असती, तर हा बाळ्या नसता. मी नसते. तू तर नसतासच."

"आई, पण ते..."

"ऐक. आम्हाला पोर मांडीवर मेलं तरी कळलं नाही काय झालं. तुम्हाला आधी कळणार. हातात कंदील मिळाल्यावर कुणी म्हणतं का, की आता रस्त्यानेच जायचं नाही? मूल नकोच वाटत असेल तर नको. मी तोंडातून ब्र काढणार नाही. पण ते तुम्ही दोघांनी ठरवा. तुझ्या एकट्याच्या भीतीने ठरवू नकोस." त्या उठल्या, गुडघ्यांवर हात टेकत. "आणि आज अवाक्षर नाही म्हणजे नाही. ती मावशी फार पोहोचलेली आहे."

निरंजन तिथेच बसून राहिला. मामाने त्याच्यापुढे मटारांची टोपली सरकवली. "सोल," तो म्हणाला. "हात रिकामे असले की माणूस फार विचार करतो."

*

दिवेलागणीला कानपूर रोडवरून गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि सगळी गल्ली दारात गोळा झाली. आदेशच्या पलटणीतल्या मित्रांनी बँडवाल्याला आधीच फितवलं होतं. धुकं उतरत होतं, त्यातून फुलांनी मढवलेली गाडी आली, आणि विनया उतरली. शालू चुरगळला होता, मुंडावळ्या कानावर गेल्या होत्या, तरी डोळे टकामका सगळं टिपत होते. तिच्यामागे मावशी उतरली. ती तर तिच्याहून जास्त टिपत होती.

चंद्रप्रभाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या पायांवर पाणी घातलं. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलं. आणि हिरवी पैठणी नेसलेली उत्कर्षा पुढे येऊन, चौकटीला दोन्ही हात लावून दारात उभी राहिली.

"अडवलं! अडवलं!" पोरंटोरं ओरडली.

"बोल ताई, काय पाहिजे?" फेटा सावरत आदेश म्हणाला. "चिकनकारीची साडी हजरतगंजमधून घेऊनच ठेवलीय."

"ती तर घेणारच. आधी वचन."

"माग की!"

उत्कर्षाने तोंड उघडलं. लहानपणापासून तिने हे वाक्य शंभर लग्नांत ऐकलं होतं. "तुमची मुलगी..." ती म्हणाली, आणि तिथेच अडली. पुढचे शब्द होते 'माझ्या मुलाला'. जे मूल नवऱ्याला नको होतं त्याच्या नावाने मागणं तिच्या जिभेवर येईना. खोटं बोलवेना, आणि खरं बोलायची बंदी.

आत निरांजनाचं ताट धरून उभ्या असलेल्या चंद्रप्रभाबाईंनी तिची पाठ पाहिली आणि निरांजनाची वात उगाचच सारखी केली. बँडसुद्धा थांबला. पाठराखीण मावशीने मान लांब केली.

"अगं, थांबलीस काय?"

आवाज गाडीच्या मागून आला. निरंजन होल्डॉल खांद्यावर घेऊन उभा होता, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा ओरडत होता. "माग ना! आपल्या मुलासाठी माग!"

उत्कर्षाने त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. घाबरलेलाच होता तो, सकाळइतकाच. पण त्याने मान हलवली. एकदा, आणि मग तिला दिसलं नसेल म्हणून परत एकदा. तिच्या अंगातून आनंदाची अशी लाट गेली की तिला चौकट घट्ट धरावी लागली.

"वचन द्या," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमची मुलगी माझ्या मुलाला कधीही देणार नाही, असं वचन द्या!"

क्षणभर कुणालाच काही समजलं नाही. मग हशा पिकला. फौजी मित्र एकमेकांना विचारू लागले, "क्या बोली, यार?" आदेश म्हणाला, "काय? ताई, डोकं फिरलं का तुझं?"

विनया हसली नाही. तिने मुंडावळ्या बाजूला केल्या. "ताई, असं का हो मागता?" तिने बिठूरच्या जुन्या, ठेवणीतल्या मराठीत विचारलं. "आमचं काही उणं पडलं का?"

आता उत्कर्षा खरी कोंडीत सापडली. शपथ घेतलेली होती, तीही आत्याच्या गळ्याची. तिने वळून आत पाहिलं.

चंद्रप्रभाबाई ताट घेऊन पुढे आल्या आणि सुनेच्या शेजारी दारात उभ्या राहिल्या.

"तुमचं नाही, बाळ. आमचं उणं आहे," त्या म्हणाल्या, आणि मावशीलाही नीट ऐकू जावं म्हणून आवाज मुद्दाम चढवला. "आमच्या घराच्या रक्तात एक खोट आहे. त्याने माणूस आजारी पडत नाही, हा बघ हिचा नवरा, बैलासारखा धडधाकट आहे. पण आईबाप दोघांकडूनही आली की लेकराच्या जिवावर येते. या अशाच दारात उभं राहून मी ही पोर माझ्या लेकासाठी मागून घेतली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं. आता कळलंय, तर मी गप्प बसणार नाही. सोमवारी आदेशचं रक्त तपासायचं. त्याच्यात निघालं तर तुझंही. मग मुलाबाळांचं काय ते ठरवा."

मावशीने तोंडाला पदर लावला. बाळकृष्ण बहिणीकडे असा बघत होता की जणू तिला पहिल्यांदाच बघतोय.

विनयाने आदेशकडे पाहिलं, मग दारातल्या दोघींकडे. तिने उजवा हात पुढे केला, हिरव्या चुड्यासकट.

"दिलं वचन," ती उत्कर्षाला म्हणाली. "माझी लेक तुमच्या लेकाला द्यायची नाही. पण खेळायला पाठवीन हं, रोज."

उत्कर्षाने तिचा हात दोन्ही हातांत धरला. बँडवाल्याला कुणीतरी ढोसलं, तो जोरात सुरू झाला. होल्डॉल रस्त्यातच टाकून निरंजन गर्दीतून वाट काढत दाराकडे यायला लागला. हरिहरराव डोळे पुसत, धुक्याने पाणी येतंय असं मिश्राजींना सांगत होते.

चंद्रप्रभाबाईंनी ताट सावरलं. "बाजूला हो आता," त्या सुनेला म्हणाल्या. आवाज करडा होता, पण डोळे वाहत होते. "माप ओलांडू दे तिला. आणि तू आत जा. लाडवांच्या डब्याशेजारी तुझी ती फॉलिकची गोळी काढून ठेवलीय, सकाळपासून घ्यायची राहिलीय."